बावन्नाचे एकतीस

बीड, ७ जानेवारी २०२५

यशोधरा,

जय भीम. पूर्ण पत्र वाचायचं नसेल तर नको वाचू, पण तुझ्या अहवालातला तक्ता क्रमांक चार एकदा पुन्हा बघ.

दोन वर्षांपूर्वी फोनवर मी तुला जो शब्द बोललो, त्याविषयी हे पत्र नाही. आकड्यांविषयी आहे. एकतीस वर्षं मी सांख्यिकी कार्यालयात काढली. विहिरी मोजल्या, जनावरं मोजली, पीककापणीचे प्रयोग केले. कागदावर कोण काय झाकतोय ते मला दुरून कळतं.

तुझं म्हणणं असं, की आपल्या बीड जिल्ह्यातून नर्स म्हणून जर्मनीला गेलेल्या मुलींच्या शंभरातल्या सत्त्याऐंशी घरांचं बरं झालं. तू साठ घरं धरलीस, त्यातल्या बावन्नांनी 'बरं झालं' सांगितलं. त्या साठ घरांची यादी तुला दिली कोणी? पोरी पाठवणाऱ्या कंपनीनं. विचारलं कसं? फोनवर. आणि अभ्यासाचा खर्च कोणी केला? पान तीनवर तळाशी लिहिलंय, तिकडच्या वृद्धाश्रम चालवणाऱ्यांच्या संघानं. म्हणजे ज्यांना आमच्या पोरी पाहिजेत, त्यांनीच विचारायला लावलं की पोरी दिल्या तर बरं होतं का. असलं सर्वेक्षण मी साहेबांपुढे ठेवलं असतं तर त्यांनी फाईल माझ्या अंगावर फेकली असती.

तुमच्याकडे जर्मनीत बाहेरची माणसं येऊ द्यायची की नाही यावर मोठं भांडण चाललंय, आणि तुझा तक्ता तिथल्या संसदेच्या समितीपुढे ठेवलाय, असं पेपरात वाचलं. इकडे त्याच अहवालाच्या जोरावर बार्शी नाक्याजवळ जर्मन शिकवणारं केंद्र उघडलंय. छत्तीस पोरी बसतात. जीएनएमचा नर्सिंग कोर्स झालेल्या, हुशार, गरीबाघरच्या. भिंतीवर तुझा सत्त्याऐंशीचा आकडा हाताएवढ्या अक्षरात रंगवलाय. खाली तुझं नाव. मी समोरून जाताना रस्ता बदलतो.

यादी तुझ्या अहवालाच्या शेवटी जोडलेलीच आहे; ही साठही घरं मी स्वतः फिरणार आहे. तुझाच प्रश्न विचारणार आहे, पण दारात उभं राहून.

हे पत्र हातानं लिहितोय. तुझी आई फोटो काढून तुला पाठवेल. रविवारी तुम्ही दोघी बोलता तेव्हा मी गच्चीवर जातो, हे तुला माहीत असेलच.

आप्पा

बीड, २ फेब्रुवारी २०२५

यशोधरा,

तुझ्या आईनं सांगितलं, तू पत्र वाचलंस आणि काही बोलली नाहीस. ठीक.

बावीस घरं झाली. एसटीनं एवढ्यात निम्मीही झाली नसती, पण गाडीची सोय झाली.

परवा चौसाळ्याला गेलतो. तुझ्या यादीतली तिथली दोन घरं केली आणि चहाच्या टपरीवर सहज विचारलं, अजून कुणाची पोरगी गेलती का. टपरीवाला म्हणाला, "जीवन तांगड्याची चैताली गेलती की. आली माघारी आठ महिन्यात. कावून आली कुणास ठाव, लोक काहीबाही बोलतेत."

चैताली तुझ्या यादीत नाही.

घर आपल्याच वस्तीच्या कडेला आहे. दार तिच्या आईनं उघडलं आणि मला बघून पुन्हा लावायला लागली. मी म्हणालो, मी शहादेव ओव्हाळ, मूळचा इथलाच. मग आतून चैतालीच बाहेर आली. सत्तावीस वर्षांची पोरगी, कमरेला पट्टा. बसताना भिंतीला हात लावून बसली.

तिचं सांगणं जसंच्या तसं लिहितो. "काका, मला म्हणले सहा महिन्यात तुझं सर्टिफिकेट तिकडं मान्य होईल, मग तू नर्स. तवर मदतनीस. सहाचे आठ झाले. एका मजल्यावर चौतीस म्हातारी माणसं आन आमी दोघी. उचलायचं, कूस बदलायची, अंघोळ घालायची. एक आजोबा पडायला लागले, मी धरलं, माझ्या कमरेत कळ गेली. आमच्या वरच्या बाईंना सांगितलं तर म्हणल्या, भाषा नीट शिक आन मग तक्रार कर. मी जर्मनमध्येच सांगत होते, काका."

मी विचारलं, अभ्यासवाल्यांचा फोन आला होता का? ती हसली. "कंपनीनं माझ्या नावापुढं 'संपर्क होत नाही' लिवलंय म्हणं. माझा नंबर तोच हाय. कुणी लावलाच न्हाई."

यशोधरा, तू लावलास का? तुझ्या माणसांनी लावला का? पहिल्या वर्षात माघारी आलेल्या पोरी यादीतच नाहीत. ज्यांचं वाईट झालं त्यांना बाहेर ठेवायचं आणि उरलेल्यांना विचारायचं, बरं झालं का? मग सत्त्याऐंशीवर तरी का थांबलीस?

अशा मला आतापर्यंत पाच सापडल्यात. अजून सापडतील.

आप्पा

बीड, २३ फेब्रुवारी २०२५

यशोधरा,

काम पूर्ण झालं. तुझी साठ घरं, आणि यादीबाहेरच्या, माघारी आलेल्या चौदा पोरींची चौदा घरं. एकूण चौऱ्याहत्तर. गेवराईपासून सिरसाळ्यापर्यंत एकही घर सोडलं नाही. 'बरं झालं' म्हणणारी घरं एकतीस. शंभरात बेचाळीस. निम्मीसुद्धा नाहीत.

गुरुवारी इथल्या पेपरात पहिल्या पानावर आलं. 'निवृत्त सांख्यिकी कर्मचाऱ्याने उघडा पाडला परदेशी नोकरीचा आकडा.' माझा फोटोही आहे. चैतालीचं नाव घातलं नाही, चौसाळ्याची एक तरुणी एवढंच लिहिलं. शनिवारी इथले पुढारी अर्जुनराव यांनी सभेत बातमी मोठ्यानं वाचून दाखवली आणि मला मंचावर बोलावून शाल दिली. म्हणाले, जिल्ह्याच्या लेकी विकायला काढल्या होत्या, या माणसानं वाचवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुझं नाव त्यांनी घेतलं. तू माझी मुलगी आहेस हे त्यांना माहीत होतं, तरी घेतलं. मी खाली बघत होतो.

आता तुझ्याकडे उत्तर असेल तर दे.

आप्पा

हॅम्बर्ग, २७ फेब्रुवारी २०२५

आप्पा,

चौदा मुलींबद्दल तुमचं बरोबर आहे. पहिल्या वर्षात परतलेल्यांची माहिती मिळाली नाही, असं मी तळटीपेत लिहिलं होतं. तळटीप कोणी वाचत नाही हे मला लिहितानाच माहीत होतं. चैतालीचा नंबर मी मागायला हवा होता. मागितला नाही. त्याची लाज वाटते आणि त्यावर पांघरूण घालणार नाही.

पण आप्पा, तुम्हीच मला गणित शिकवलंय. माझ्या साठ घरांत बावन्न 'बरं झालं' होती. तुम्ही चौदा नवी घरं आणली. ती चौदाही 'वाईट' धरली, तरी बावन्न बावन्नच राहतात. चौऱ्याहत्तरात बावन्न म्हणजे सत्तर टक्के. बावन्नाचे एकतीस कसे झाले? एकवीस घरांनी मला फोनवर एक सांगितलं आणि तुम्हाला दारात दुसरं? तुम्ही दारोदार भरलेले ते चौऱ्याहत्तर फॉर्म मला बघायचे आहेत.

आणि गाडी कोणाची होती? मला निधी कोणी दिला ते पान तीनवर छापलंय. तुमचं पान तीन कुठे आहे?

यशोधरा

बीड, ९ मार्च २०२५

यशोधरा,

तुझं पत्र आईनं मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटचा प्रश्न तिनं दोनदा वाचला. मी दहा दिवस उत्तर लिहिलं नाही. काल जे घडलं त्यानंतर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

केंद्र बंद झालंय. बातमीनंतर आठवड्यात चौकशी लागली, दाराला कुलूप लागलं, छत्तीस पोरींचे कागद अडकले.

काल दुपारी दारात एक पोरगी आणि तिची आई. पोरीचं नाव संस्कृती, सिरसाळ्याची. वय चोवीस. आत या म्हणालो तर आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली,

"काका, तुमी माझ्या घरी आलताव का?"

मी म्हणालो, मी गेलेल्या पोरींची घरं फिरलो, जाणाऱ्यांची नाही.

"मग माझं तुमी कसं ठरवलं? माझी मुलाखत चोवीस मार्चला हाय मुंबईत. केंद्राचा कागद लागतो. केंद्राला कुलूप. मी दीड वर्ष झालं भाषा शिकतेय. दुकानात बसून शिकतेय, वडिलांच्या डोक्यावर पाटी देता देता शिकतेय. तुमी आमाला वाचवलं म्हणं. कशापासून वाचवलं?"

तिची आई तिचा हात ओढत होती. पोरगी हलेना. "अर्जुनरावांच्या दवाखान्यात मी दोन वर्षं काम केलंय. बारा-बारा तास. सुट्टी मागितली तर म्हणायचे, जायचं तर जा, तुझ्यासारख्या दहा उभ्या हायेत. आता दहा उभ्या राहत न्हाईत, समद्या जर्मन शिकायला बसल्या, म्हणून त्यांना लेकींची आठवण आली. तुमाला हे ठावं न्हवतं?"

यशोधरा, मला माहीत होतं. अर्जुनरावांचे दोन दवाखाने आहेत, एक नर्सिंग कॉलेज आहे. वर्षभरापासून त्यांना सिस्टर मिळत नाहीत हे सगळ्या बीडला माहीत आहे. गाडी त्यांची होती. डिझेल, ड्रायव्हर, सगळं त्यांचं. मी पहिल्या आठवड्यात पाच घरं एसटीनं केली, गुडघे बोलायला लागले, आणि एक दिवस त्यांचा माणूस जीप घेऊन दारात आला. मी का म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, गाडी कुणाचीही असो, मोजणारा मी आहे.

तू पान तीन विचारलंस. ते हे.

आप्पा

बीड, १६ मार्च २०२५

यशोधरा,

चैतालीचा फोन आला. कुणाकडून तरी नंबर घेतला तिनं. आवाज एकदम शांत होता.

"काका, तुमी मला विचारलं तवा मी खरं सांगितलं. पर मी 'जाऊ नका' म्हणले न्हवते. मी म्हणले होते, खरं सांगून पाठवा. तुमी माझी कंबर दाखवून दुसऱ्या पोरींची वाट बंद केली. गावात आदी म्हणायचे काहीतरी करून आली आसंल, आता म्हणतेत हिच्यामुळं केंद्र बंद झालं. तुमी नाव न्हाई घातलं, पर चौसाळ्यात माघारी आलेली दुसरी कोण हाय?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, माफीचं काय करू.

फोन ठेवला आणि चौऱ्याहत्तर फॉर्म पलंगावर मांडले. तू मागितलेत, पण तुझ्याआधी मलाच बघायचे होते. सत्त्याहत्तर सालापासून आकडे हाताळणाऱ्या माणसाला स्वतःचे फॉर्म उघडायची भीती वाटत होती, हे तुला कसं सांगू. तुझी आई दाराशी बसून शेंगा फोडत होती.

गेवराईच्या छबुबाईंचा फॉर्म वर आला. त्यांची पोरगी चार वर्षांपासून तिकडे आहे. मी विचारलं होतं, पोरगी गेल्यानं घराचं बरं झालं का. त्या म्हणाल्या होत्या, "बरं झालं की, लई बरं झालं. धाकट्याचं शिक्षण झालं, पोरगी मानानं राहती. पर सणाला ताट वाढलं का घास न्हाई उतरत." त्यांचे शब्द मी कोपऱ्यात लिहून ठेवलेत. अक्षर माझंच. आणि खूण कुठे केली? 'नाही'च्या चौकटीत.

असे एकवीस फॉर्म आहेत. एकवीस जणांनी आधी 'बरं झालं' म्हटलं आणि मग काहीतरी पुढे बोलले. पोरगी दिसत नाही. नातू मराठी बोलत नाही. दुखलं-खुपलं सांगत नाही, लपवते. प्रत्येकाचं पहिलं वाक्य मी सोडलं आणि दुसऱ्याला खूण केली. त्या वेळी मला वाटलं, हेच खरं उत्तर, पहिलं नुसतं लोकांना दाखवायचं. मुद्दाम खोटं केलं असं मला त्या क्षणी वाटलं नव्हतं. पण एकवीस वेळा हात एकाच बाजूला चुकत नाही. चुकला असता तर दोन्हीकडे चुकला असता, हे मीच नवीन पोरांना कार्यालयात शिकवायचो.

मी एकेक फॉर्म वाचत होतो आणि आई ऐकत होती. आठ-दहा झाल्यावर तिनं शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"तुमी त्यांचं लिवलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी आपलं लिवलं."

मी पुढचा फॉर्म उचलला. ती म्हणाली, "पोरगी दर रविवारी इचारती, आप्पा कुठंयत. मी म्हणते बाहेर गेलेत. डोक्यावर चालल्याचा आवाज तिला फोनवर येतोय, आन मी म्हणते बाहेर गेलेत. तुमाला पोरगी पाहिजे तर पोरीला सांगा. जिल्ह्याच्या पोरी कावून अडवता?"

एवढं बोलून ती आत गेली. चाळीस वर्षांत ती माझ्याशी इतकं सलग बोलली नव्हती.

मंगळवारी चौकशी समितीची बैठक आहे. अर्जुनरावांनी मला साक्षीला बोलावलंय. एकतीसचा आकडा मला तिथे सही करून द्यायचाय.

आप्पा

बीड, ६ एप्रिल २०२५

यशोधरा,

बैठकीचं सांगतो. आईनं तुला तिच्या पद्धतीनं सांगितलं असेल. तिथे ती नव्हती.

मोठ्या टेबलाभोवती पंधरा-वीस माणसं. संस्कृती आणि आणखी सहा-सात पोरी मागे भिंतीला लागून उभ्या, त्यांना खुर्च्या दिल्या नव्हत्या. अर्जुनराव माझ्या शेजारी बसले आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "सही करा शहादेवराव, मग जेवायलाच जाऊ."

मी उभा राहिलो. कागद परत सरकवला. म्हणालो, हा आकडा चूक आहे. एकतीस नाही, बावन्न. चौऱ्याहत्तरात बावन्न. एकवीस घरांनी बरं झालं सांगितलं, मी वाईट लिहिलं. आणि फिरायला गाडी अर्जुनरावांची होती, तेही बातमीत यायला पाहिजे होतं, ते मी सांगितलं नाही.

टेबलाभोवती एकदम गलका झाला. अर्जुनराव हसत म्हणाले, "वय झालं त्यांचं. पोरीनं फोन केला दिसतोय तिकडून."

मी म्हणालो, पोरगी माझ्याशी बोलत नाही. मी तिला दलाल म्हणालो होतो.

हा शब्द मी दोन वर्षं कुणापुढे उच्चारला नव्हता, तुझ्या आईपुढेही नाही.

मग मी दुसरं सांगितलं. सत्त्याऐंशीसुद्धा चूक आहे, सत्तर आहे. भिंतीवरचा आकडा पुसा. जी चौदा घरं कुणी मोजलीच नाहीत, त्या पोरींना केंद्रात बोलवा आणि पहिल्या दिवशी त्यांना बोलू द्या. ज्यांना ऐकूनही जायचंय त्यांना जाऊ द्या. अध्यक्ष बाईंनी ते लिहून घेतलं. अर्जुनराव उठून गेले. बाहेर त्यांच्या माणसानं मला अडवून विचारलं, "शाल कधी परत देताव बे?" मी त्याच संध्याकाळी नेऊन दिली.

माझी दुरुस्ती पेपरवाले छापेनात. तीनदा गेलो. शेवटी पान सातवर चार ओळी आल्या.

केंद्र पंचवीस मार्चला उघडलं. तारीख बघ. संस्कृतीची मुलाखत चोवीसला होती. पुढची तारीख मिळेपर्यंत घरी बसणं परवडत नाही म्हणून ती पुन्हा अर्जुनरावांच्या दवाखान्यात रुजू झालीय. मी भेटायला गेलो. ती सलाईन लावत होती. मान वर करून म्हणाली, "पेशंटचे नातेवाईक असाल तर थांबा, न्हाईतर बाहेर व्हा." मी बाहेर झालो. छत्तीसपैकी तेवीस पोरी परत आल्यात. तेरा आल्या नाहीत. ते माझ्याकडे लागतं.

चैताली पहिल्या दिवशी केंद्रात बोलली. मी गेलो नाही, तिनंच येऊ नका म्हटलं होतं. ऐकलं ते असं, की तिनं कमरेचा पट्टा काढून दाखवला, कोणत्या कागदावर सही करायची नाही ते सांगितलं, आणि एका पोरीनं विचारलं, ताई, तुम्ही पुन्हा जाल का, तर ती म्हणाली, "कंबर बरी झाली तर जाईन. ह्या वेळेस सगळं वाचून जाईन."

चौदापैकी नऊ पोरींनी तुला नाव-नंबर द्यायला परवानगी दिली. प्रत्येकीच्या घरी जाऊन विचारलं, एसटीनं. नऊ नावं सोबत पाठवतोय. पाचजणी नको म्हणाल्या, त्यांची फक्त संख्या धर. तळटीपेत टाकू नकोस. तक्त्यात घाल.

आणि तो शब्द मी मागे घेतो. तू आकडा चुकवलास, माणसं विकली नाहीत. मी रागात नव्हतो त्या दिवशी. तू म्हणाली होतीस की आता तिकडेच राहायचं ठरवलंय. मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही म्हणून मी तुझ्या अहवालावर बोललो.

आप्पा

बीड, १८ मे २०२५

यशू,

तुझा नवा तक्ता मिळाला. सत्तर. चौदा घरं वेगळ्या ओळीत, सर्वात वर. तुझ्या संस्थेनं तुला पुढच्या अभ्यासातून काढलं आणि संसदेच्या समितीपुढे विरोधकांनी तुझाच तक्ता तुझ्याविरुद्ध फिरवला, हे आईकडून कळलं. म्हणजे तिकडेही अर्जुनराव आहेत तर. दुसरं काम मिळेपर्यंत तुझं कसं चाललंय ते मला लिही, आईला सांगतेस तसं गोड करून नको.

इकडे ये, असं मी म्हणणार नाही. आम्ही दोघांनी पासपोर्टचा अर्ज भरलाय. काल पोलीस ठाण्यातून हवालदार चौकशीला आले, ओळखीचे निघाले, पेपरातला माझा फोटो त्यांनी बघितलेला.

"तुमीच ना ते, परदेशात जाऊ नका म्हणणारे?" ते म्हणाले. "आन आता तुमीच निघाले? कावून?"

मी बोलायच्या आत तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरीला बघायला."

त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "किती दिवस राहणार?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "ते तिला विचारून सांगतो."

म्हणून विचारतोय.

आप्पा